इंचामागे किती पिक्सेल?

१९५७ साली वॉशिंग्टनमधल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी प्रयोगशाळेत रसेल कर्श या अभियंत्याने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो एका फिरत्या नळकांड्यावर बसवला, त्याच्यावरून प्रकाशाचा बारीक ठिपका फिरवला आणि ठिपक्याखाली येणारा उजेड-अंधार संगणकात नोंदवून घेतला. स्कॅनरने टिपलेला हा पहिला डिजिटल फोटो. मूळ फोटो सुमारे ५ सेंटिमीटरचा होता. संगणकात तो उतरला १७६ × १७६ चौकोनांत, म्हणजेच पिक्सेलांत, कारण याहून जास्त चौकोन ठेवायला त्या यंत्राच्या स्मृतीत जागाच नव्हती.

समजा, हे चित्र आज आपल्याला पुस्तकात छापायचं आहे. चांगल्या कागदावरच्या छपाईसाठी इंचामागे ३०० पिक्सेल धरायची पद्धत आहे. १७६ ला ३०० ने भागलं की आकार येतो अर्ध्या इंचाहून किंचित जास्त, म्हणजे दीड सेंटिमीटर. कर्शच्या मुलाचं चित्र त्या आकारात नीट दिसेल. तेच ए-४ पानाच्या पूर्ण रुंदीला छापलं, तर इंचामागे २१ पिक्सेल उरतील आणि एकेक चौकोन सव्वा मिलिमीटरचा होऊन डोळ्याला टोचेल. मधल्या कुठल्याही आकाराचं उत्तर याच भागाकाराने मिळतं. चित्रात किती चौकोन असणार हे त्या नळकांड्यावरच ठरून गेलं होतं. पुढे कागदाचा आकार बदलता येतो. टिपलेल्या माहितीत मात्र पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर एका कणाचीही भर घालू शकत नाही.

छापून आलेला फोटो फाटलेला दिसला की दोष छापखान्यावर येतो, कधी कागदावर, कधी डीटीपी करणाऱ्यावर. माझ्या मते यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी असतं: फोटो पाठवणारा आणि फोटो छापणारा एकमेकांशी पिक्सेलांच्या भाषेत बोलतच नाहीत. ‘३०० डीपीआयचा फोटो पाठवा’, म्हणजे इंचामागे ३०० ठिपक्यांचा, असा निरोप येतो. ही मागणी अर्धीच आहे. ३०० कशाला? चार इंचांच्या चौकटीला की बारा इंचांच्या मुखपृष्ठाला? आकार सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

फोटोच्या फाइलमध्ये रिझोल्यूशन म्हणून एक आकडा लिहिलेला असतो. कधी ७२, कधी ३००. तो फक्त एक चिठ्ठी आहे. ७२ ची चाल १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकापासून पडली. छपाईत इंचाचे ७२ पॉइंट मानतात, म्हणून त्या संगणकाच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके ठेवले होते. तसे पडदे जाऊन जमाना झाला, आकडा मात्र फाइलींना चिकटून राहिला. फोनने काढलेला ४००० × ३००० पिक्सेलांचा फोटो घ्या. चिठ्ठीवर ७२ असेल तर सॉफ्टवेअर त्याची रुंदी साडेपंचावन्न इंच दाखवेल, ३०० असेल तर सव्वातेरा इंच. दोन्ही फाइलींत पिक्सेल तेच, तेवढेच. पिठाचा गोळा एकच असेल तर भाकरी जितकी मोठी थापाल तितकी ती पातळ होणार, तसंच हे.

फोटोशॉपमध्ये चित्राचा आकार बदलण्याच्या खिडकीत ‘रीसॅम्पल’ नावाची एक चौकट असते. अख्ख्या विषयाची किल्ली तिथे आहे. चौकटीतली खूण काढली, की रुंदी, उंची आणि रिझोल्यूशन हे तिन्ही आकडे एकमेकांना बांधले जातात: रिझोल्यूशन वाढवलं की इंच कमी होतात, इंच वाढवले की रिझोल्यूशन उतरतं आणि पिक्सेल जागचे हलत नाहीत. खूण असेल तर सॉफ्टवेअर नवे पिक्सेल तयार करतं किंवा असलेले टाकून देतं. घात इथेच होतो. १६०० पिक्सेल रुंदीचा, ७२ ची चिठ्ठी असलेला फोटो उघडायचा, खूण तशीच ठेवून ७२ च्या जागी ३०० टंकायचं आणि ‘आता ३०० चा झाला’ म्हणून पुढे पाठवायचा. प्रत्यक्षात त्या फोटोची रुंदी ६६६७ पिक्सेल झालेली असते, आणि त्यातल्या दर १७ पिक्सेलांपैकी १६ सॉफ्टवेअरने शेजारच्यांकडे बघून भरलेले असतात. फाइल जड होते, फोटो मऊ पडतो. छापखान्यातल्या तपासणीत मात्र ती फाइल बिनबोभाट पास होते, कारण तपासणारा चिठ्ठीवरचा ३०० वाचतो.

पण हा ३०० आला कुठून? त्यासाठी छपाईच्या मुळाशी जायला हवं. छपाईच्या यंत्राला करडा रंग छापता येत नाही. काळी शाई कागदावर लागते किंवा लागत नाही, एवढंच त्याला जमतं. मग फोटोतल्या सावल्या छापायच्या कशा? एकोणिसाव्या शतकात यावर उत्तर निघालं ते हाफटोनचं: चित्राचे बारीक ठिपके करायचे, गडद जागी मोठे, उजळ जागी लहान, म्हणजे लांबून डोळ्याला करडेपणाचा भास होतो. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने झोपडवस्तीचं एक छायाचित्र अशा तंत्राने छापलं, वृत्तपत्रातल्या पहिल्या हाफटोन फोटोंमध्ये त्याची गणना होते. पुढे काचेवर आडव्या-उभ्या रेघा कोरलेल्या जाळ्या आल्या. त्या जाळीतून फोटोचा फोटो काढला की ठिपके आपोआप तयार होत.

या कामात आपल्या देशातल्या एका माणसाचा मोठा वाटा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी बंगालीत मुलांचे लेखक म्हणून प्रसिद्ध आहेत आणि सत्यजित राय यांचे आजोबा म्हणूनही. लहान मुलांच्या आपल्या पुस्तकातली चित्रं वाईट छापली गेली, म्हणून त्यांनी इंग्लंडहून सामान मागवून स्वतःच ब्लॉक करायला सुरुवात केली. जाळीतलं अंतर किती असावं, कॅमेऱ्याच्या छिद्राचा आकार कसा असावा, रेघा कोणत्या कोनात ठेवाव्यात याचं गणित त्यांनी मांडलं, आणि त्यांचे लेख इंग्लंडच्या ‘पेनरोज’ या छपाईविषयक वार्षिकात प्रसिद्ध झाले. मुलगा सुकुमार १९११ मध्ये हेच तंत्र शिकायला इंग्लंडला गेला. १९१३ मध्ये उपेंद्रकिशोरांनी ‘संदेश’ हे मुलांचं मासिक काढलं. चित्र नीट छापलं जावं एवढ्या इच्छेपोटी एका लेखकाने भौतिकशास्त्रात हात घालावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आज काचेची जाळी नाही. प्लेटवर लेसरने ठिपके उमटवतात. पण जाळीचं माप तेच राहिलं आहे, इंचामागे किती ओळी. चांगल्या आर्ट पेपरवर १५० किंवा १७५ ओळी चालतात. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, ठिपके पसरून एकमेकांना चिकटतात, म्हणून तिथे जाळी ८५ ते १०० ओळींचीच ठेवतात. एका ओळीसाठी चित्रातले दोन पिक्सेल हाताशी असले की ठिपका नेमका ठरवता येतो. १५० ची दुप्पट ३००. संपलं गणित! वर्तमानपत्राला १०० ची दुप्पट २०० पुरे होतात. दीडपट धरूनही बरेचदा उत्तम काम होतं, विशेषतः आकाश, धुकं, चेहरा अशा मऊ विषयांत. तेव्हा २४० पिक्सेलांवर बसणारा फोटो निव्वळ ३०० नाही म्हणून नाकारणं चुकीचं, आणि ८० वर बसणारा ‘चालून जाईल’ म्हणून लावणंही तितकंच चुकीचं.

प्लेट काढणाऱ्या यंत्राचं रिझोल्यूशन मात्र इंचाला २४०० असतं आणि त्यामुळे गोंधळ होतो. तो आकडा लेसरच्या सूक्ष्म टिंबांचा आहे. १५० ओळींच्या जाळीत प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला १६ × १६ म्हणजे २५६ टिंबं येतात. त्यांतली किती काळी करायची यावर ठिपक्याचा आकार ठरतो. घरच्या इंकजेट प्रिंटरच्या खोक्यावर लिहिलेले मोठमोठे आकडेही शाईच्या थेंबांचेच. यांतल्या कुठल्याच यंत्राला इंचामागे २४०० पिक्सेलांचा फोटो द्यायची काहीच गरज नाही. अपवाद एकच: निव्वळ काळ्या-पांढऱ्या रेषेचं काम. सही, मोडी लिपीतलं पत्र, शाईने काढलेलं व्यंगचित्र हे करडेपणाशिवाय छापायचं असेल तर त्याचे ठिपके होतच नाहीत, रेषेची कडा उघडी पडते, आणि तिथे छापील आकाराला इंचामागे १२०० पिक्सेल हवेत. कार्यक्रमपत्रिकेवरच्या बोधचिन्हासाठी तर पिक्सेलच नकोत. ते मूळ ज्या रेषांमध्ये काढलं, ती कोरलड्रॉची किंवा पीडीएफ फाइल मागून घ्यावी. रेषांची फाइल हवी तेवढी मोठी होते.

३०० चं दुसरं कारण आपल्या डोळ्यात आहे. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखतो. पुस्तक ३० सेंटिमीटरवर धरलं तर ही मर्यादा ०.०८७ मिलिमीटर येते, म्हणजे इंचामागे सुमारे २९०. छापखान्याचा आकडा आणि डोळ्याचा आकडा असे जवळजवळ जुळतात. पण अंतर वाढलं की गरज उतरते. भिंतीवरची फ्रेम एक मीटरवरून बघायला ८७ पुरतात. रस्त्यावरचा फ्लेक्स दहा मीटरवरून दिसतो, तिथे डोळ्याची मर्यादा इंचामागे नऊवर येते! वीस फुटी फ्लेक्ससाठी ‘३०० डीपीआय’चा हट्ट धरला तर फाइल ७२,००० पिक्सेल रुंद करावी लागेल, डोळ्याच्या हिशेबाने २२०० च्या आतबाहेर भागतं, आणि जवळून जाणाऱ्यांसाठी त्याच्या तिप्पट-चौपट दिलं की झालं. म्हणून फोनवरचा साधा फोटो चौकातल्या फलकावर छान दिसतो आणि तोच स्मरणिकेच्या पानावर उघडा पडतो.

फोनच्या पडद्यावर तो इतका स्वच्छ का दिसतो, हेही बघायला हवं. बऱ्याच फोनचा पडदा १०८० पिक्सेल रुंद आणि पावणेतीन इंचांच्या आसपासचा असतो. म्हणजे त्यावरचं प्रत्येक चित्र इंचामागे ४०० ने दाटलेलं. १६०० पिक्सेलांचा फोटोही तिथे आक्रसूनच बसतो, त्याचा तुटवडा कळणार कसा? आणि १६०० हा आकडा मी उगीच घेतलेला नाही. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण तेवढ्यावर आणली जाते. २०२३ पासून एचडीचा पर्याय आला आहे, पण तो आपण निवडावा लागतो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. छपाईसाठी हा एकच मार्ग मी सुचवीन, नाहीतर ईमेल किंवा ड्राइव्हची लिंक.

समजा, शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं मुखपृष्ठ आहे. आकार डेमी, साडेपाच बाय साडेआठ इंच. कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारी बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचे. ३०० ने हिशेब केला तर सुमारे १७२५ × २६२५ पिक्सेल लागतात. शाळेच्या इमारतीचा आडवा फोटो व्हॉट्सअॅपवरून आला आहे, १६०० × १२००. मुखपृष्ठ उभं आहे, तेव्हा आडव्या फोटोची पूर्ण उंची वापरून दोन्ही बाजू कापाव्या लागणार. उंचीचे १२०० पिक्सेल पावणेनऊ इंचांवर पसरले की इंचामागे १३७ उरतात, आणि रुंदीतले निम्म्याहून जास्त पिक्सेल तर कापण्यातच गेले. तोच फोटो मूळ ४००० × ३००० मध्ये मिळाला असता तर उंचीला ३४३ पडले असते. कमीपणा फोटोग्राफरचा नाही, कॅमेऱ्याचा नाही. मूळ फाइल मागून घेतली नाही, एवढंच झालं. आणि ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी फोनमध्ये अजून पडलेली असते.

मूळ फाइल खरोखरच नसेल, तर मोठं करण्याचे उपाय येतात. दोन पिक्सेलांच्या मध्ये नवा पिक्सेल घालताना काय रंग द्यायचा, हाच सगळा प्रश्न. शेजाऱ्याचा रंग तसाच उचलला तर पायऱ्या पडतात. चार शेजाऱ्यांची सरासरी काढली तर चित्र धुरकटतं. सोळा शेजारी घेऊन वळणदार सूत्राने अंदाज बांधण्याची बायक्युबिक पद्धत यांत बरी. बाजू सव्वा-दीडपट वाढवण्यापर्यंत ती सहज खपून जाते. बाजू दुप्पट केली की पिक्सेल चौपट होतात, म्हणजे चारांतले तीन अंदाजाचे. धार वाढवण्याचं काम नेहमी शेवटी करावं, छापायच्या आकाराला आल्यावर. आधी धार दिलेला फोटो नंतर मोठा केला तर कडांभोवतीची पांढरी किनारही मोठी होते.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली आहेत. ती लाखो फोटो बघून शिकलेली असतात, त्यामुळे धूसर भिंतीत विटा आणि धूसर डोक्यावर केस भरून देतात, आणि ते विलक्षण खरे वाटतात. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या ‘पल्स’ या प्रणालीला लोकांनी बराक ओबामांचा मुद्दाम चौकोनी-धूसर केलेला फोटो दिला, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा स्वच्छ, रेखीव चेहरा बनवून दिला. धूसर फोटोशी तो जुळत होता, फक्त तो ओबामांचा नव्हता. निसर्गदृश्याला, कापडाच्या पोताला, झाडीला ही साधनं जरूर वापरावीत. गावच्या इतिहासाच्या पुस्तकात, शिलालेखाच्या फोटोत, माणसाच्या चेहऱ्यात ती वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे वाचक जे बघतो ते घडलेलं आहे असं मानून बघतो.

चेहऱ्याचा प्रश्न आपल्या घरांत नेहमी येतो. आजी गेली, तिचा एकटीचा फोटो नाही, लग्नातल्या समूहचित्रात मागच्या रांगेत ती उभी आहे; त्यातून फ्रेम करायची आहे. आठ बाय सहा इंचांच्या त्या फोटोत तिचा चेहरा जेमतेम एक सेंटिमीटरचा. इथे स्कॅनरचं गणित सोपं आहे: जितकी पट मोठं करायचं, त्याला ३०० ने गुणायचं. चेहरा ४ सेंटिमीटरचा हवा असेल तर १२०० वर स्कॅन, १२ सेंटिमीटरचा हवा तर ३६००. स्कॅनर हा आकडा देईलही, पण फोटोच्या कागदात तेवढा तपशील असतो का? छापील फोटोतला खरा तपशील बहुधा इंचाला ३०० ते ६०० पिक्सेलांत संपतो. त्यापुढे स्कॅनर कागदाचा पोतच टिपत बसतो. म्हणजे आजीच्या त्या चेहऱ्यात खरे पिक्सेल फार तर सव्वादोनशे-अडीचशे उंचीचे. म्हणून मी लहान फ्रेम सुचवीन, पाच बाय सात इंचांची, त्यात चेहरा ३-४ सेंटिमीटरचा. थोडा मऊ असेल, पण आजी आजीसारखीच दिसेल.

आणि त्याआधी निगेटिव्ह शोधावी. स्टुडिओवाल्याने दिलेल्या पाकिटात, अल्बमच्या शेवटच्या खिशात, कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यात ती हमखास सापडते, आणि घर आवरताना पहिल्यांदा टाकली जाते तीही तीच. आगफा क्लिक थ्री सारख्या कॅमेऱ्याची ६ × ६ सेंटिमीटरची निगेटिव्ह १२०० वर स्कॅन केली तरी बाजूला २६०० च्या वर पिक्सेल मिळतात. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हची लांब बाजू ३६ मिलिमीटर. २४०० वर तिचे ३४०० होतात. ती ३०० वर स्कॅन करून आणली तर हाती ४२५ पिक्सेल येतात, आणि ‘३०० वरच तर केलं’ म्हणून सगळे बुचकळ्यात पडतात. निगेटिव्हसाठी मागून उजेड टाकणारा स्कॅनर लागतो, साधा चालत नाही.

जुन्या दिवाळी अंकातलं किंवा पुस्तकातलं चित्र पुन्हा छापायचं असेल तर वेगळीच अडचण येते. ते चित्र आधीच हाफटोनच्या ठिपक्यांचं आहे. ठिपक्यांच्या जाळीवर स्कॅनरच्या पिक्सेलांची जाळी आणि पुन्हा छापताना तिसरी जाळी बसली की एकमेकींत अडकून चटईसारखी नक्षी उमटते. तिला म्वारे म्हणतात. असं पान ६०० किंवा १२०० वर स्कॅन करावं, स्कॅनरमधली ‘डीस्क्रीन’ची सोय वापरावी किंवा ठिपके विरघळतील इतपत चित्र किंचित धूसर करावं, आणि मग ते ३०० वर उतरवावं. आकार मूळ छपाईइतकाच ठेवावा. मोठा केला तर ठिपके मोठे होण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

फाइल सांभाळण्याचं राहिलं. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे तुकडे पाडून त्यातला बारीक तपशील टाकून देतं. त्यामागचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये मांडलं. जेपेग वाईट नाही, पण दर वेळी उघडून, बदलून, पुन्हा सेव्ह केलं की थोडा तपशील आणखी जातो. म्हणून काम चालू असेपर्यंत टिफ किंवा फोटोशॉपची फाइल ठेवावी, आणि लहान केलेल्या प्रतीला वेगळं नाव द्यावं. मूळ फाइलवरच लहान आकार सेव्ह झाला की पुढच्या आवृत्तीला मोठं चित्र कुठूनच मिळत नाही.

शेवटचा अडथळा पीडीएफचा. सगळे फोटो नीट लावून, मोजून, पाने तयार झालेली असतात आणि पीडीएफ ईमेलवर जात नाही म्हणून कुणीतरी ‘स्मॉलेस्ट फाइल साइज’ निवडतं. अॅक्रोबॅटच्या त्या पर्यायात रंगीत चित्रं इंचामागे १०० वर उतरवली जातात. वर्डमध्येही सेव्ह करताना चित्रं दाबण्याची सोय बहुधा मुळातच चालू असते, म्हणून लेखकाने वर्डच्या फाइलीत चिकटवलेला फोटो छपाईला न घेता वेगळा मागवावा. छापखान्याला द्यायची पीडीएफ ‘प्रेस क्वालिटी’मध्ये काढावी, ती जड होणारच. मग ती उघडून, मुखपृष्ठ १०० टक्क्यांऐवजी ३०० टक्के मोठं करून, माणसांचे डोळे आणि पाट्यांवरची अक्षरं असलेले फोटो एकेक करून बघावेत. प्लेट निघायच्या आधीचं हे शेवटचं ठिकाण आहे, जिथे एखादा फोटो बदलायला पैसे पडत नाहीत.